सस्पेन्स खातं

मराठी मध्यमवर्गाला रात्रीच्या जेवणानंतर दोन गोष्टी लागतात. एक बडीशेप आणि दुसरा खून. त्यातली बडीशेप एखादे दिवशी नसली तरी चालते.

आमच्या घरी खून साधारण सव्वानऊला होतो. त्या वेळी सौभाग्यवती दुसऱ्या दिवशीची मेथी निवडायला बसलेली असते. पडद्यावर एक इसम हातात सुरा घेऊन जिना चढत असतो आणि ही काडी सुपात, पान टोपलीत असा हात चालू ठेवून म्हणते, "अहो, दार लावलं नाही बघा त्या बाईनं." पुढे जे व्हायचं ते होतं. मग जाहिरात लागते आणि ती मला विचारते, "गॅस बंद केलात ना?" कोंबडीच्या दुकानासमोरून जाताना पदर नाकाला लावून मान फिरवणारी ही बाई आठवड्याला किमान पाच माणसं डोळ्यांदेखत मरू देते आणि तिची एकही जुडी वाया जात नाही. वाईच्या एका प्रकरणावरून स्फुरलेली 'देवमाणूस' ही मालिका २०२० साली सुरू झाली, तेव्हा तर आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशीसुद्धा त्या डॉक्टरच्या सोयीनं भरत असे.

मी कॉमर्सचा पदवीधर आणि व्यवसायानं बँकेतला कारकून. साहित्यावर बोलायचा माझा अधिकार तो किती! पण वीसेक वर्षं भंडारा जिल्ह्यात काउंटरवर बसून आणि पानठेल्यावर उभं राहून मी खुनाच्या इतक्या गोष्टी ऐकल्या आहेत की त्या बाबतीत मला पेन्शन मिळायला हरकत नाही. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, लग्नातल्या जेवणाची तर वाढपी अजून पंगतीत असतानाच होते. पण खरोखर घडलेला खून चवीनं सांगणं हा जो आपला सर्वांत लोकप्रिय वाङ्मयप्रकार आहे, त्याला आमच्या बाजूला तरी समीक्षक मिळालेला नाही. जागा रिकामी आहे. मी अर्ज करतो आहे.

मागच्या पिढीची सोय बाबूराव अर्नाळकरांनी केली होती. हजारावर रहस्यकथा लिहिल्या या गृहस्थांनी. झुंजार, काळापहाड, धनंजय ही मंडळी आमच्या आजोबांच्या उशाखाली असत आणि वर गीता असे. त्या खुनांचं एक बरं होतं. त्यात कोणी मरत नसे. शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडे आणि आजोबा दिवा मालवून शांत झोपत. पुढे वाचकाला खोट्या खुनांचा कंटाळा आला असावा. साबुदाण्यावर किती दिवस काढणार? त्याला खरा खून हवासा वाटू लागला आणि १९७६ साली पुण्यानं तो पुरवला.

त्या वर्षी माझे एक काका पुण्यात शिकायला होते. हे त्यांचं भाग्य म्हणायचं की आमचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढे दर उन्हाळ्यात ते भंडाऱ्याला यायचे. रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या पडल्या की पोरंसोरं, आत्या, शेजारचे गुरुजी सगळे गोळा व्हायचे आणि काका जोशी-अभ्यंकर लावायचे. लावायचे हाच शब्द बरोबर आहे. कीर्तनकार आख्यान लावतो तसं. आमचा मुलूख झाडीपट्टीचा. रात्रभर चालणारी नाटकं पहाटेपर्यंत बघायची सवय असल्यामुळे श्रोत्यांपैकी कुणी पेंगत नसे.

प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, तरी नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. करणारे चौघे : राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकणारी ही मुलं. कमर्शियल या शब्दापुरतं माझं आणि त्यांचं शिक्षण सारखं आहे. पाचवा त्यांचाच एक मित्र. तो माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच नावाचा सिनेमा पुढे १९८६ साली आला, नाना पाटेकरांचा. चौघांना १९७८ साली फाशीची शिक्षा झाली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अंमलात आली.

काकांच्या आख्यानात हे सगळं येत असे, पण त्यांची खरी बहार तपशिलात. दोरी कशी होती, गाठ कशी मारत, पहिल्या मुलाचं प्रेत पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात कसं सोडलं, सात वाजता पुण्यातले रस्ते कसे ओस पडत. शिवाय दर उन्हाळ्यात काका त्या चौघांच्या वीतभर जवळ सरकत. पहिल्या साली त्यांनी जक्कलला टिळक रस्त्यावर लांबून पाहिलं होतं. तिसऱ्या साली ते दोघे एकाच टपरीवर चहा पीत होते. मी दहावीला असताना जक्कलनं काकांकडे काडेपेटी मागितली होती आणि आत्याच्या लग्नापर्यंत ती परतसुद्धा केली होती. काका आणखी काही वर्षं जगते तर पाचव्या साक्षीदाराची गरज पडली नसती.

एकदा आत्येबहिणीनं मध्येच विचारलं, "काका, अभ्यंकर म्हणजे कोण?"

काका गाठीपाशी आले होते. त्यांना व्यत्यय आवडला नाही. म्हणाले, "अगं, ते मेले ते!"

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणातले मोठे पंडित होते. संस्कृत व्याकरणाचा त्यांनी केलेला इंग्रजी कोश १९६१ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाला. तो अजून अभ्यासकांच्या हाताशी असतो. ऐंशीच्या पुढचा हा माणूस भांडारकर रस्त्यावरच्या आपल्या बंगल्यात १ डिसेंबर १९७६ च्या रात्री पत्नी आणि नातवंडांसह मारला गेला. त्या घरात कामाला असलेली बाईही त्याच रात्री मारली गेली. दहा माणसं मेली आणि प्रकरणाला आडनावं दोन. कामवाल्या बाईचं नाव त्यात कुठं बसणार! आमच्या काकांना दोरीचा रंग पाठ होता. कोश करणाऱ्याचं काम त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्या बाईचा तर आख्यानात उल्लेखच नसे. या वाङ्मयप्रकारावर माझा पहिला आक्षेप हा आहे. यात मरणाऱ्याला फक्त मरायचं काम असतं.

रामन राघवचं बघा. १९६८ साली मुंबईत तो पकडला गेला. उपनगरांतल्या झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या माणसांना तो लोखंडी सळईनं मारत असे. तपास केला रमाकांत कुलकर्णी या मोठ्या तोलाच्या अधिकाऱ्यानं. आता आमच्या पानठेल्यावर कुणालाही विचारा, या प्रकरणात काय झालं? उत्तर ठरलेलं आहे : "तो बोलत नव्हता जी. कोंबडी खाऊ घातली अन् मग बोलला." त्या कोंबडीचा रस्सा सावजी होता की साधा, यावर मी दोन भल्या माणसांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलं आहे. राघवनं चाळीसेक माणसं मारल्याची कबुली दिली. त्यातल्या एकाचंही नाव कुणाला येत नाही. कोंबडी अमर झाली.

आता दुसरा आणि मोठा आक्षेप. आत्येबहिणीनं आणखी एक प्रश्न विचारला होता. "पण त्यांनी असं केलं का?"

हा प्रश्न आला की काका चष्मा पुसत. उत्तर दर उन्हाळ्यात वेगळं असे. एकदा दारू. एकदा पैसा. एका साली हिंदी सिनेमा, कारण त्या साली आम्ही पोरं हिंदी सिनेमाला जाण्यासाठी हट्ट करत होतो. आजी अंधारातून "संस्कार!" एवढंच म्हणे आणि कूस बदले. गुरुजी म्हणत, नराधम होते, दुसरं काय. आणि या शब्दावर सगळ्यांचं समाधान होऊन पाण्याचा तांब्या फिरे.

बँकेत आमच्याकडे एक खातं असतं. इंग्रजीत त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात, जुन्या मराठीत उचंत. नावावरून वाटतं तसं त्यात काही थरारक नाही. संध्याकाळी हिशेब लावताना एखादी रक्कम अशी निघते की ती कशाची, कुणाची, कुठल्या खात्यात टाकायची, काही उलगडत नाही. बाहेर अंधार पडलेला असतो, शेवटची बस जायची असते. मग ती रक्कम तात्पुरती सस्पेन्सला टाकायची. दिवस मिटतो, कारकून घरी जातो. नियम असा की पुढे शोध घेऊन ती योग्य खात्यात वळती करावी. आणि अनुभव असा की ऑडिटर येऊन खेकसेपर्यंत तिला कुणी हात लावत नाही.

वर्तमानपत्रातला 'नराधम' हे मराठी भाषेचं सस्पेन्स खातं आहे. 'क्रूरकर्मा', 'विकृत', 'सैतान' ही त्याचीच पोटखाती. माणसानं भयंकर काही केलं की त्याला यात टाकायचं आणि दिवस मिटवायचा. नराधम का झाला, हे विचारायचं कारण उरत नाही, कारण नराधम हा नराधम असतोच. आंब्याला आंबा का लागला असं आपण विचारत नाही. राघवच्या बाबतीत तरी या खात्याला काही आधार होता. डॉक्टरांनी तपासून त्याला मनोरुग्ण ठरवलं आणि त्याची फाशी पुढे जन्मठेपेवर आली. पण डॉक्टरांनी एकाला दिलेला दाखला आपण सगळ्यांना वाटतो. वेडा होता म्हटलं की आपण शहाणे ठरतो, तेही फुकटात.

कोणी म्हणेल, ज्यांनी केलं त्यांनाच विचारावं. तीही सोय झाली आहे. मुनव्वर शाहनं तुरुंगात आत्मकथन लिहिलं, 'येस, आय ॲम गिल्टी'. शीर्षकात दिलेली कबुली ही कबुली आहे, कारण नव्हे. ग्राहक "होय, हप्ता थकला" असं लिहून देतो तेव्हा तो का थकला हे आम्हांला त्या कागदावरून कळत नाही. त्यासाठी त्याच्या गावाला जावं लागतं.

तपास अधिकाऱ्याच्या बाजूनं सांगितलेल्या गोष्टी मला त्यातल्या त्यात बऱ्या वाटतात. १९७२ ते ७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतला जे खून झाले, गुप्तधनापायी म्हणतात ते, त्यांचा तपासही रमाकांत कुलकर्णींचाच. त्यांच्या पुस्तकावरून २०२४ साली 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली आणि आशुतोष गोवारीकर त्यात कुलकर्णी झाले. अशा गोष्टीत निदान एक माणूस डोकं ठिकाणावर ठेवून वावरत असतो, आणि बघणाऱ्याला त्याच्या मागं मागं चालता येतं. पण अधिकाऱ्याचं काम आरोपपत्राशी संपतं. आरोपपत्राला हेतू लागतो, तो कोर्टात टिकेल इतकाच. दागिने गेले, हेतू चोरी. गुप्तधन हवं होतं, हेतू लोभ. शिक्का मारला, पुढचा.

माझं साधं म्हणणं असं की हे सगळे कथेकरी चुकीच्या ठिकाणी खणतात. एका माणसाची कवटी उघडून आत काय होतं ते शोधतात. पुण्याच्या प्रकरणात तर उत्तर काकांच्या आख्यानात रोज येऊन जात असे, फक्त त्यांचं लक्ष दोरीकडे. ते एकटे नव्हते, चौघे होते. त्यातला कुठलाही एक एकटा असता तर मेसची थाळी परवडत नाही म्हणून कुरकुरत पास-नापास झाला असता आणि कुठल्यातरी साबणाच्या जाहिराती काढून निवृत्त झाला असता. पण शेजारी बसलेल्या तिघांसमोर नाही म्हणायचं कसं? शिवाय पहिला खून पचला. काही झालं नाही. तळ्यात पिंप बुडालं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज भरलं. मग दुसऱ्या वेळी 'करावं का' हा प्रश्न कमी आणि 'कुणाच्या घरी' हा जास्त. तेव्हा 'त्याच्या मनात काय होतं' यापेक्षा 'त्याच्या शेजारी कोण बसलं होतं, आणि काही होणार नाही असं त्यांना कशावरून वाटलं' हे विचारून बघावं. हिशेब बराच लागतो.

आणि इथं मला पुण्याच्या साहेबांकडे यावं लागतं.

आमच्या शाखेत प्रमोशनवर एक अधिकारी आले. थेट पुण्याहून, मे महिन्यात. पुण्याच्या माणसाला विदर्भात बदली म्हणजे काय वाटतं ते त्यांच्या पाण्याच्या बाटलीच्या आकारावरूनच दिसत होतं. माणूस सज्जन. पण आमच्या हेड कॅशिअरनी पहिल्याच जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता फर्माइश केली, "साहेब, तुमी पुन्याचे म्हंता, तं जोशी-अभ्यंकरचं होऊन जाऊ द्या." साहेब म्हणाले, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. कुणाचा विश्वास बसला नाही. महिनाभर आम्ही त्यांच्यामागं लागलो होतो. शेवटी एके दिवशी त्यांनी पोळीचा घास खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही सगळे इथले. खैरलांजी इथून किती लांब आहे हो?"

डबे वाजायचे थांबले. हेड कॅशिअर लोणच्याच्या बाटलीचं झाकण लावू लागले. ते लागत नव्हतं. शेवटी शिपाईभाऊ म्हणाले, "मोहाडीकडं येते साहेब," आणि हात धुवायला गेले.

ज्या जिल्ह्यात रामन राघवच्या रश्श्यावरून भांडणं होतात, तिथं आपल्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीचं आख्यान कुणी लावत नाही. मी तरी वीस वर्षांत पानठेल्यावर ऐकलेलं नाही. समीक्षकानं काय सांगितलं जातं ते तपासावं तसं काय सांगितलं जात नाही तेही तपासावं, म्हणून हे लिहितो.

२९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी, ठाणं आंधळगाव. भैयालाल भोतमांगे यांचं बौद्ध कुटुंब तिथं राहत होतं. पत्नी सुरेखाबाई, दोन मुलं, बारावीत शिकणारी मुलगी. गावात बौद्धांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. थोडी शेती होती आणि तिच्यातून रस्ता जाण्यावरून जुनं भांडण होतं. बँकेत बसणाऱ्याला हे सांगायला नको. सातबारा घेऊन येणाऱ्या दर चार माणसांत एकाचं बांधावरून, पाटावरून, गाडीवाटेवरून कुणाशी तरी वाजलेलं असतं. त्यातच सप्टेंबरच्या सुरुवातीला शेजारच्या गावच्या, या कुटुंबाच्या ओळखीच्या पोलीस पाटलाला खैरलांजीच्या काही लोकांनी मारहाण केली. सुरेखाबाई त्यात साक्षीदार झाल्या आणि त्यांनी नावं सांगितली. आरोपींना अटक झाली, जामीन मिळाला. ज्या दिवशी जामीन मिळाला त्याच दिवशी संध्याकाळी जमाव त्यांच्या दारात आला. सुरेखाबाई, दोन्ही मुलगे आणि मुलगी, चौघांना मारून टाकलं. प्रेतं कालव्यात सापडली. भैयालाल तेवढे वाचले. अधिक तपशील मी देणार नाही. ज्याला दोरीचा रंग हवा आहे त्यानं काकांकडे जावं.

पुण्यात चौघांनी एका गावाला घाबरवलं, त्याची गोष्ट झाली, सिनेमा झाला. इथं गावातला जमाव चौघांवर धावून गेला. अशा गोष्टीत ऐकणाऱ्याला बसायला जागा नसते. जोशी-अभ्यंकर ऐकताना आपण कडी लावून आत बसलेलो असतो आणि खुनी बाहेर. खैरलांजी ऐकताना आपण नेमके कुठं? घरात त्या पाच जणांच्या बाजूला बसावं, तर तसं कुणी बसलं नव्हतं. बाहेर उभं राहावं, तर तिथं जे होते ते आपल्यासारखेच दिसतात. दूध डेअरीला घालतात, पीककर्ज घेतात, सोसायटीच्या मीटिंगला चहा पितात. त्यांच्यात कुणी कोंबडी मागणारा नाही. त्यांना नराधम म्हणून सस्पेन्सला टाकायचं, तर गावातला जमाव त्या एका खात्यात मावत नाही.

तरी टाकायचा प्रयत्न झालाच. सुरुवातीला वर्तमानपत्रांत जी बातमी आली ती अनैतिक संबंधांची म्हणून. म्हणजे मेलेल्या बाईच्याच नावे रक्कम टाकून मोकळे. महिना उलटल्यावर, दलित समाजाचे मोर्चे निघाले, नागपुरात आणि इतरत्र वातावरण पेटलं, तेव्हा कुठं महाराष्ट्राला खैरलांजी नकाशावर सापडली. तपास सीबीआयकडे गेला.

भंडाऱ्याच्या कोर्टानं सप्टेंबर २००८ मध्ये निकाल दिला. अकरा आरोपींपैकी तिघे सुटले, आठ दोषी ठरले. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी केली. अॅट्रॉसिटीचा कायदा मात्र कुठंच लागू झाला नाही. हेतू काय, तर सूड. साक्ष दिल्याचा सूड.

कायद्यातलं मला कळत नाही आणि न्यायालयाचा मान मी राखतो. पण जमाखर्चातलं थोडं कळतं. आमच्या विषयात दुहेरी नोंद नावाची पद्धत आहे. कुठलाही व्यवहार एकाच बाजूला लिहिता येत नाही. एकीकडे नावे पडला की दुसरीकडे जमा पडलाच पाहिजे, नाहीतर तेरीज जुळत नाही. सूड ही एक बाजू झाली, मान्य. पण साक्षी तर या जिल्ह्यात रोज होतात. भंडाऱ्याच्या कोर्टाच्या आवारात मी अशी माणसं पाहिली आहेत की आत एकमेकांविरुद्ध साक्ष देतात आणि बाहेर येऊन एकाच टपरीवर चहा पितात. पैसे कुणी द्यायचे यावरून पुन्हा भांडतात. साक्षीचा राग येतो. राग आलेला माणूस शिव्या देतो, बांध कोरतो, फार तर धुऱ्यावर काठी उगारतो. साक्ष दिल्याबद्दल एका घरातली चार माणसं मारायला जमाव निघतो, तेव्हा साक्ष दिली एवढंच घडलेलं नसतं. 'हिनं' साक्ष दिली, हे घडलेलं असतं. पोरांना शिकवणाऱ्या, शेत न सोडणाऱ्या, ठाण्यात जाऊन नावं सांगणाऱ्या बाईनं. ती दुसऱ्या जातीची असती तर रक्कम इतकी मोठी झाली असती का, एवढाच माझा कारकुनी प्रश्न आहे. आनंद तेलतुंबडे यांचं खैरलांजीवरचं इंग्रजी पुस्तक २००८ साली आलं. त्यात त्यांनी ही दुसरी बाजू सविस्तर मांडली आहे. तिथं जात आहे, जमीन आहे, पोलीस आहेत, वर्तमानपत्रं आहेत आणि राक्षस एकही नाही. म्हणूनच बहुधा ते जेवणानंतर वाचवत नाही.

आणि पुन्हा तेच, शेजारी कोण बसलं होतं? जमावात प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी असतं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो, आणि दुसरा निघाला आहे असं बघून निघतो. काही होणार नाही असं कशावरून वाटलं? जामीन त्याच दिवशी झाला होता.

भैयालाल भोतमांगे पुढे भंडाऱ्यात राहत. सरकारनं त्यांना एका वसतिगृहात शिपायाची नोकरी दिली होती. बाजारात, बसस्टँडवर कधीतरी दिसत, असं सांगणारे लोक आहेत. जक्कलला टपरीवर पाहिल्याचं आमचे काका सांगत तसे ते सांगत नाहीत. बोलता बोलता सांगतात आणि विषय बदलतात. अधिक चौकशी व्हावी, सगळ्यांना शिक्षा व्हावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात ते गेले.

पुण्याच्या साहेबांनी तेलतुंबड्यांचं ते पुस्तक कुठून तरी मिळवलं. वाचलं आणि एका दुपारी, आम्ही न विचारता, जेवणाच्या सुट्टीत सांगायला सुरुवात केली. सांगायची हातोटी काही नव्हती. सरळ सांगत गेले. आधी शेत, मग रस्ता, मग पोलीस पाटलाची मारहाण, मग साक्ष, मग जामीन. पुण्याचा माणूस भंडाऱ्याच्या लोकांना भंडाऱ्याची गोष्ट सांगत होता आणि कुणीही मध्ये बोलत नव्हतं. दोरीचं कुणी विचारलं नाही. शेवटी हेड कॅशिअरनी बऱ्याच वेळानं तोंड उघडलं. म्हणाले, "कापनी सुरू झाली होती का जी तवा?"

साहेबांना ते माहीत नव्हतं. शिपाईभाऊ दारात उभे होते. ते म्हणाले, "नाई. सप्टेंबर म्हंजे धान निसवत होता. कापनी दिवाळीच्या टायमाला."

अडीच वाजले होते. बाहेर लाइन लागली होती.